कुठलं व्हर्जन आहे, काका?

शनिवार सकाळ. हातात चहा, समोर वडिलांच्या जुन्या कागदांचा गठ्ठा. आई गेले सहा महिने "तेवढं आवर" म्हणत होती, शेवटी आज मुहूर्त लागला. त्या गठ्ठ्यात एक कोरा सरकारी फॉर्म सापडला, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. फॉर्म कसला होता ते महत्त्वाचं नाही. मी वाचली ती त्याच्या तळाची बारीक ओळ. येरवडा कारागृह मुद्रणालय, मग किती प्रती छापल्या तो आकडा, मग महिना आणि वर्ष.

मला हसूच आलं. गेली कित्येक वर्षं मी येरवड्यातल्या एका आयटी पार्कात नोकरी करतोय. रोज जेल रोडवरून जाताना १८७१ सालच्या त्या तुरुंगाच्या बाजूने जातो. आत छापखाना आहे हे ऐकून होतो. मुंबई इलाख्याच्या काळापासून सरकारी पत्रकं, अहवाल तिथे छापले जायचे आणि त्यावर "येरवडा प्रिझन प्रेस" असं इंग्रजीत लिहिलेलं असायचं. पण त्या ओळीकडे मी कधी 'व्हर्जन नंबर' म्हणून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं, आणि एका दूधवाल्या काकांची आठवण झाली. आजचा लेख त्यांच्यावर आणि ॲपच्या व्हर्जन नंबरवर. विषय रुक्ष वाटेल, पण जरा दम धरा.

गोष्ट २०२१ ची. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो (नाव जाऊ द्या), तिथे आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी मोबाईल ॲप बनवायचो. गावातले लोक सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येतात, केंद्रचालक फॅट आणि एसएनएफ मोजतो, ॲपमध्ये आकडे टाकतो, ॲप दर काढतं आणि पावती छापतं. दर दहा दिवसांनी बिल. साधा सरळ मामला. दरपत्रक आम्ही ॲपच्या आतच कोंबलं होतं, कारण बऱ्याच केंद्रांवर सकाळी रेंज नसते आणि दूध काही रेंजसाठी थांबत नाही.

ॲप फ्लटरमध्ये लिहिलेलं. एकदा लिहा, ॲन्ड्रॉईड आणि आयफोन दोन्हीवर चालवा. (केंद्रचालकांपैकी आयफोन कोणाकडे होता, ते विचारू नका. साहेबांकडे होता.)

एका महिन्याच्या एक तारखेपासून दर बदलला. लिटरमागे सरासरी २ रुपये कमी. आम्ही नवं दरपत्रक घालून ३.४.० हे व्हर्जन सोडलं आणि सगळ्यांना निरोप पाठवला की अपडेट करा. तिसऱ्या दिवशी एका काकांचा सपोर्टला फोन आला. "संघाच्या कागदावरचा दर आणि माझ्या पावतीवरचा दर जुळत नाय."

सपोर्टवाल्या पोराने नियमाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला. "कुठलं व्हर्जन आहे, काका?"

काकांनी 'ॲपविषयी' हा पडदा उघडून वाचून दाखवलं. "तीन.. चार.. शून्य दिसतंय की, साहेब."

"मग तुमच्याकडे नवीनच आहे. दर बरोबरच असणार. संघाकडे चौकशी करा."

काका संघाकडे गेले. संघ म्हणाला, आमचं बरोबर आहे, ॲपवाल्यांना विचारा. काकांनी पुन्हा फोन केला. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. सपोर्टने सर्व्हरवर पाहिलं, तिथेही काकांच्या नावापुढे ३.४.०. म्हणजे माणूस तेच म्हणतोय, सर्व्हरही तेच म्हणतोय. तिकीट बंद. असं दोनदा झालं. नवव्या दिवशी ते प्रकरण माझ्या टेबलावर आलं. मला वेगळं काही सुचत नव्हतं म्हणून मी काकांना म्हटलं, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या ॲपच्या माहितीच्या पानाचा फोटो पाठवता का? त्यांनी नातवाकडून पाठवला. त्या पानाच्या तळाशी ॲन्ड्रॉईड स्वतः ॲपचं व्हर्जन दाखवतं.

तिथे लिहिलं होतं ३.३.१.

पोटात गोळा आला. कारण 'ॲपविषयी' पडद्यावरची ती ओळ मी लिहिली होती. खरं व्हर्जन फोनला विचारून घेण्याऐवजी मी कोडमध्ये सरळ '३.४.०' असं टंकून ठेवलं होतं. ३.४ चं काम सुरू करताना पहिल्याच दिवशी तो आकडा बदलला. मग मध्येच पावतीच्या प्रिंटरचा एक बग आला, घाईघाईत त्याच शाखेतून ३.३.१ नावाचं बिल्ड काढलं गेलं. बिल्डच्या खऱ्या पत्त्यावर ३.३.१, आणि पडद्यावर माझ्या हातचं ३.४.०. नवं दरपत्रक तर त्यात नव्हतंच. काकांनी डेटा वाचवायला आपोआप होणारं अपडेट बंद ठेवलेलं, त्यामुळे खरं ३.४.० त्यांच्याकडे पोचलंच नाही. आणि सर्व्हरला व्हर्जन कळवणारा कोडही माझाच तो आकडा पाठवत होता! साक्षीदार दोन वाटले, पण दोघांनाही एकाच खोटारड्याने पढवलेलं.

हिशेब करून पहा. दिवसाला ६०० लिटर, लिटरमागे २ रुपये, नऊ दिवस. १०,८०० रुपये. काकांनी लोकांना जुन्या दराच्या पावत्या दिल्या होत्या, संघाने त्यांना नव्या दराने पैसे दिले. फरक काकांच्या खिशातून. मी म्हटलं, काका, पुढच्या बिलात लोकांकडून वळते करून घ्या. ते म्हणाले, "पावती दिली ना साहेब. दिल्या पावतीचं पैसं माघारी मागायचं नसतं." कंपनीने नंतर त्यांची वर्षाची फी माफ केली. ती काही १०,८०० नव्हती.

असो. आता मूळ मुद्द्याकडे.

व्हर्जन नंबर ही शोभेची वस्तू नाही. फोनवरून, डोळ्यांना न दिसणारी एक वस्तू दुरुस्त करताना दोन अनोळखी माणसांमध्ये असलेला तो एकमेव सामाईक शब्द आहे. म्हणून माझं ठाम मत असं, की ॲपने आपलं व्हर्जन ज्या फोनवर ते बसवलंय त्या फोनला विचारूनच सांगावं. प्रोग्रामरने हाताने लिहून ठेवलेला आकडा ही ॲपबद्दलची प्रोग्रामरची समजूत असते. ॲपची ओळख नव्हे. बहुतेक दिवस दोन्ही जुळतात, आणि म्हणूनच ज्या दिवशी जुळत नाहीत त्या दिवशी कोणाला संशय येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग असा आकडा टंकतं कोण? अहो, खूप लोक टंकतात, आणि त्याला कारणं आहेत.

आधी हे माहीत हवं की मोबाईल ॲपला एक नाही, दोन नंबर असतात. ॲन्ड्रॉईडमध्ये 'व्हर्जन नेम', जे माणसांनी वाचायचं, म्हणजे ३.४.० वगैरे. आणि 'व्हर्जन कोड', एक पूर्णांक, जो यंत्राने वाचायचा. प्ले स्टोअरवर तो प्रत्येक नव्या बिल्डला वाढलाच पाहिजे, आणि त्याची कमाल मर्यादा २१० कोटी आहे. (काही हुशार लोक त्यात तारीख-वेळ कोंबतात आणि मर्यादेजवळ जाऊन बसतात. पुढे वाढवायला जागाच नाही!) आयफोनमध्ये हेच दोन नंबर 'इन्फो.पीलिस्ट' नावाच्या फाईलमध्ये दोन वेगळ्या किल्ल्यांखाली असतात. म्हणजे दोन प्लॅटफॉर्म, प्रत्येकी दोन नंबर, चार जागा.

फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हसारख्या गोष्टी या दोन्हींच्या वर बसतात. तुमचा कोड डार्टमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये, आणि त्याला आपण कुठल्या डब्यातून आलो हे मुळात माहीतच नसतं. त्याला खाली निरोप पाठवून विचारावं लागतं, "बाबा रे, माझं व्हर्जन काय?" फ्लटरमध्ये त्यासाठी 'पॅकेज इन्फो प्लस' हे प्लगइन आहे, रिॲक्ट नेटिव्हमध्ये 'डिव्हाइस इन्फो', मायक्रोसॉफ्टच्या मावीमध्ये 'ॲप इन्फो' आतच येतं. चार ओळींचं काम. पण फ्लटरमध्ये निरोपाचं उत्तर लगेच येत नाही, थांबावं लागतं. 'ॲपविषयी'चा साधा पडदा, त्यासाठी थांबा, मधल्या वेळात काय दाखवायचं ते ठरवा, टेस्टमध्ये खोटं उत्तर पुरवा.. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता हे कोण करणार? एक स्थिरांक लिहिला की झालं. मी तेच केलं होतं.

बरं, फोनला विचारलं म्हणजे सगळे प्रश्न सुटले असंही नाही. स्वतः ठेचा खाऊन शिकलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली. फ्लटरमध्ये प्रोजेक्टच्या 'पबस्पेक' फाईलमध्ये ३.४.०+४७ असं लिहितात. अधिकच्या आधी नाव, नंतर बिल्ड क्रमांक. तिथून तो आकडा दोन्ही प्लॅटफॉर्मकडे जातो. पण कोणी एक्सकोड उघडून तिथे हाताने व्हर्जन बदललं, की आयफोनचा पबस्पेकशी असलेला धागा तुटतो. पुढे तुम्ही पबस्पेकमध्ये काहीही लिहा, आयफोन आपला जुनाच आकडा सांगत राहतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला कोणी नवं सांगितलेलंच नसतं.

दुसरी. ॲन्ड्रॉईडसाठी प्रोसेसरप्रमाणे वेगवेगळी बिल्ड काढायचा पर्याय निवडला, की फ्लटर प्रत्येकाच्या व्हर्जन कोडमध्ये काही हजार मिळवतं. ६४ बिटच्या आर्म फोनला २०००. म्हणजे तुम्ही ४७ सोडलंत आणि फोनवर २०४७ दिसतं. हे माहीत नसलेल्या टेस्टरने एकदा अख्खा दिवस 'हे २०४७ बिल्ड कोणी काढलं?' याच्या शोधात घालवलाय. :)

तिसरी, आपल्या मराठी माणसांसाठी खास. फोनची भाषा मराठी असेल तर ॲन्ड्रॉईडवर जावाचं आकडे मांडणारं साधं फंक्शन मराठी अंक देतं. हिंदी ठेवली तर आपलं १, २, ३ रोमन पद्धतीचंच येतं, मराठीत मात्र देवनागरी. कारण भाषांच्या त्या जागतिक कोष्टकात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरलेत, जे अगदी योग्य आहे. पण कोणी व्हर्जनचे तीन आकडे वेगळे काढले, त्या फंक्शनने पुन्हा जोडले आणि सर्व्हरला पाठवले, तर सर्व्हरला देवनागरीतलं ३.४.० मिळतं. त्याला ते वाचता येत नाही. तो म्हणतो, व्हर्जन समजलं नाही, म्हणजे जुनंच असणार, अपडेट करा! बिचारा वापरणारा अपडेट करून करून थकतो. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने फोन मराठीत ठेवला. म्हणून माझा नियम असा, की पडद्यावर मराठी अंक जरूर दाखवा, पण यंत्राकडे जाणारा आकडा भाषेच्या हातातून जाऊ देऊ नका.

चौथी, जुनी पण रोज नव्याने चावणारी. व्हर्जनची तुलना अक्षरांसारखी केली, तर ३.१० हे ३.९ पेक्षा लहान ठरतं, कारण १ हा ९ च्या आधी येतो. आकडे सुटे करून तुलना करायची. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी दहावं व्हर्जन आलं की कोणाच्या ना कोणाच्या हापिसात धावपळ होते.

आणि हल्ली आणखी एक भानगड. रिॲक्ट नेटिव्हमध्ये स्टोअरला वळसा घालून आतला जावास्क्रिप्टचा भाग परस्पर बदलता येतो. मायक्रोसॉफ्टने आपली ती सेवा मार्च २०२५ मध्ये बंद केली, पण एक्स्पोची आहे, इतरही आहेत. अशा ॲपमध्ये फोनला विचारून मिळालेलं व्हर्जन खरं असतं, पण अर्धंच. डब्यावरचं लेबल तेच, आतली भाजी बदललेली. तिथे दोन्ही सांगायला हवेत, डब्याचा नंबर आणि भाजीचाही.

आता माझ्या मताविरुद्धचा मुद्दा. माझा एक मित्र म्हणतो, "कशाला एवढा खटाटोप? जुनं व्हर्जन चालूच द्यायचं नाही. उघडलं की 'अपडेट करा' अशी पाटी, पुढे जाताच येणार नाही. मग सगळ्यांकडे एकच व्हर्जन, प्रश्न मिटला." मुद्दा बिनतोड वाटतो. बँकेच्या ॲपला तो लागूही पडतो.

पण आपल्या राज्यातलं ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः, मोबाईलवरून, शेतात उभं राहून करायची ही पद्धत राज्यभर सुरू झाली. ती नोंद सातबाऱ्यावर जाते. २०२२ च्या खरिपात त्याचं 'व्हर्जन २' आलं आणि नवं ॲप घ्या अशी आवाहनं गावोगावी झाली. 'व्हर्जन' हा शब्द तलाठी कार्यालयाच्या फळ्यापर्यंत पोचला तो असा. माझ्या मते आपल्या धंद्यातल्या एका शब्दाचा एवढा मोठा प्रवास क्वचितच झाला असेल. आता विचार करा, की एखादा माणूस बांधावर उभा आहे, रेंजची एक काडी, नोंदणीची मुदत जवळ आलेली. त्याच्या हातातलं ॲप (हे असो की दुसरं कुठलंही) म्हणालं, 'आधी अमुक एमबी उतरवून घे, मग बोलू', तर अपडेट सक्तीचं करणाऱ्याचा प्रश्न मिटला, शेतकऱ्याचा सुरू झाला.

सक्ती करायला माझी हरकत नाही, पण ती किंमत मोजून करावी. जिथे जुनं व्हर्जन चुकीचे पैसे मोजतंय, चुकीची नोंद करतंय, तिथे थांबवलंच पाहिजे. काकांचं ॲप एक तारखेला थांबलं असतं, तर मी आज हा लेख लिहिलाच नसता. पण गंमत बघा, सक्ती करायलाही आधी खरं व्हर्जन कळावं लागतं! आमच्या सर्व्हरला काका ३.४.० वर आहेत असंच वाटत होतं. त्याने त्यांना कधीच अडवलं नसतं. मित्राचा उपाय माझ्या उपायाच्या खांद्यावरच उभा आहे.

पुन्हा त्या पिवळ्या फॉर्मकडे. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात असं होतं, की देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण स्पष्ट वाचता येईल असं छापलंच पाहिजे. तो कायदा केला इंग्रजांनी, आणि लेखनावर पाळत ठेवणं हाही त्यामागचा एक हेतू होता, त्यात गौरव करण्यासारखं काही नाही. मार्च २०२४ पासून त्या जागी नवा कायदा आलाय. पण दीडशे वर्षांत त्या ओळीचा आपल्यासारख्या सामान्य वाचकाला एक फायदा झाला. कागद कुठलाही असो, तळाशी बघायचं, कोणी छापला ते कळतं. सरकारी फॉर्मवर तर किती प्रती आणि कधी, हेही. कारकुनाने "हा जुना फॉर्म आहे, चालणार नाही" म्हटलं, तर दोघांनाही एकाच ओळीकडे बोट दाखवता येतं. आणि मुख्य म्हणजे ती ओळ त्याच ठशातून, त्याच शाईने, फॉर्मसोबतच छापली जाते. कोणी नंतर पेनाने लिहीत नाही.

माझा स्थिरांक म्हणजे पेनाने लिहिलेली ओळ होती.

त्यानंतर मी जिथे जिथे काम केलं तिथे तीन गोष्टी हट्टाने करतो. व्हर्जन आणि बिल्ड क्रमांक दोन्ही फोनला विचारूनच दाखवायचे, सर्व्हरला जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत तेच पाठवायचे. तो आकडा तीन पडद्यांच्या आत लपवायचा नाही, पहिल्याच पानाच्या तळाशी ठेवायचा, चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरात. आणि पावती छापणारं ॲप असेल तर पावतीच्या तळाशीही छापायचा. डिझायनर कुरकुर करतात. "घाण दिसतं" म्हणतात. दिसू दे.

शेवटच्या मुद्द्याला काका कारण आहेत. कंपनी सोडण्याआधी मी त्यांना एकदा फोन केला होता, सहजच. नव्या व्हर्जनमध्ये पावतीच्या तळाशी आकडा यायला लागला होता. मी विचारलं, दिसतो का? म्हणाले, "दिसतो की. आता मी कुणाला इचारत नाय. नवा दर लागला की आधी पावतीचा बूड बघतो, मग दूध घेतो."

गठ्ठा अजून निम्मा बाकी आहे. आई हाक मारतेय. तो फॉर्म मात्र मी बाजूला काढून ठेवलाय, सोमवारी हापिसात डिझायनरला दाखवायला.